‘हार्दिक शुभेच्छा’ सोनेरी करायच्या आणि त्यांवरून चमक फिरवायची

प्रश्न थोडक्यात असा: मंडळासाठी गुढीपाडव्याला पाठवायची हलती शुभेच्छा तयार करायची आहे. हाताशी फोटोशॉपची थोडी जुनी आवृत्ती आहे, गिंप हे फुकट मिळणारं चित्रांचं सॉफ्टवेअरही आहे. अक्षरं सोनेरी करायला गेलं की हळदीसारखी पिवळी दिसतात. ‘हार्दिक’ हा शब्द मोडतो. चमक फिरवली की तिचे जुने पट्टे मागे तसेच राहतात. आणि शेवटी जीआयएफ, म्हणजे हलत्या चित्राची फाईल, ९ एमबीची होते. चुकतंय कुठे?

चार तक्रारी चार वेगळ्या ठिकाणच्या आहेत, म्हणून एकेक घेतो. ‘हार्दिक’ पहिला, कारण अक्षरच मोडकं असेल तर त्यावर सोनं चढवून उपयोग नाही.

‘हार्दिक’ हा मी नेहमी चाचणीसाठी वापरतो तो शब्द. त्यात ‘र्दि’ आहे. टाइप करताना आपण आधी र् देतो, मग द, मग पहिली वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी द-च्या आधी जाऊन उभी राहते आणि रफार सगळ्यांच्या डोक्यावर चढतो. म्हणजे तिन्ही चिन्हांचा क्रमच उलटला. हे काम फॉन्ट एकटा करत नाही. सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं जुळवणारं इंजिन असतं, ते फॉन्टला विचारून करतं. गिंपमध्ये ते इंजिन आधीपासून आहे, तिथे देवनागरीला काही करावं लागत नाही. फोटोशॉपमध्ये सीसी मालिकेतल्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’ या भागात जाऊन ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ निवडावं लागतं. मग सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडायचं. पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातल्या छोट्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ला टिक करायची. ही शेवटची पायरी लोक विसरतात आणि मग ‘फॉन्टच खराब आहे’ म्हणून दहा फॉन्ट उतरवून घेतात. अगदीच जुनी आवृत्ती असेल आणि हा पर्यायच दिसत नसेल, तर भांडू नका. गिंपमध्ये शब्द मोठ्या आकारात लिहा, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजी काढा आणि ती फोटोशॉपमध्ये आणा.

तिसरी वाट म्हणजे श्रीलिपी, आकृती वगैरेंचे जुने फॉन्ट, ज्यांच्यावर आपली निम्मी फ्लेक्सची दुकानं अजून चालतात. त्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागेवर बसवलेले असतात, म्हणून कुठल्याही सॉफ्टवेअरात दिसायला ठीक दिसतात. मजकूर कॉपी केला तर हाती रोमन कचरा लागतो, पण चित्रच बनवायचं असेल तर त्याने काही बिघडत नाही. युनिकोडवाले यावर नाक मुरडतात. मी मुरडत नाही. फक्त एकदा टाइप केलेलं पुन्हा दुसरीकडे वापरायचं असेल तर हा मार्ग धरू नका.

फॉन्ट निवडताना आणखी दोन गोष्टी बघा. एक, श आणि ल. मराठी वळणाचा श आणि ल हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात, आणि बऱ्याच फॉन्टमध्ये आपोआप हिंदी वळण येतं. ‘शुभेच्छा’मध्ये श सुरुवातीलाच आहे, त्यामुळे ते लगेच डोळ्यांत भरतं. ‘तिरो देवनागरी मराठी’सारखा खास मराठीसाठी केलेला फॉन्ट घेतला तर हा प्रश्न येत नाही. दुसरी गोष्ट अक्षराच्या जाडीची. सोनेरी उठाव द्यायचा तर रेघेला अंग हवं. मुंबईच्या एक टाइपचा ‘बलू’ हा फॉन्ट उठावाला फार छान. त्यांचाच ‘मोदक’ इतका गुबगुबीत आहे की अक्षरातल्या पोकळ्या चिरेइतक्याच उरतात, त्यावर उठाव जास्त दिला की त्या बुजतात. ‘यात्रा वन’ मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलेला आहे, त्यात पाटीची ठसठशीत चव आहे. ‘रोझा वन’ दिसायला राजेशाही, पण त्याच्या बारीक रेघा उठाव दिला की नाहीशा होतात. गुगल फॉन्ट्सवर हे सगळे फुकट मिळतात.

आणि एक ताकीद. अक्षरांमधलं अंतर, ज्याला ट्रॅकिंग म्हणतात, ते देवनागरीत वाढवू नका. इंग्रजी जाहिरातीत अक्षरं ऐसपैस पसरवली की उंची वाटतात. आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे डबे सुटलेल्या आगगाडीसारखे दिसतात. उलट बाजूचा घोटाळाही होतो: दोन अक्षरांच्या शिरोरेषा जिथे एकमेकींना फक्त टेकतात, तिथे केसाएवढी फिकट फट राहते. साध्या काळ्या अक्षरांत ती दिसत नाही. उठाव दिला की तिथे खाच पडते आणि शिरोरेषा विटांच्या थरासारखी भासते. ट्रॅकिंग उणे ५ ते उणे १० केलं की बहुतेक वेळा फट बुजते. नाही बुजली तर लेयरची प्रत रास्टर करून, म्हणजे अक्षराचं ठिपक्यांचं चित्र करून, तेवढ्या फटीवर त्याच रंगाची एक बारीक पट्टी भरायची.

प्रत म्हटलं, ते मुद्दाम. मी सुरुवातीच्या काळात एका मोठ्या फ्लेक्सवर दिवसभर खपून अक्षरांना उठाव, सावली, चमक सगळं चढवलं, लेयर एकत्र केले, मूळ फाईल ठेवली नाही. रात्री लक्षात आलं की ‘शुभेच्छुक’मधला उकार दीर्घ पडलाय. तो दुरुस्त करायला जागाच नव्हती, कारण आता ते अक्षर नव्हतं, नुसते रंगीत ठिपके होते. पहाटेपर्यंत सगळं पुन्हा केलं. तेव्हापासून मजकुराचा जिवंत लेयर डोळा बंद करून तळाशी तसाच ठेवतो, फाईल सेव्ह होताना तिच्या नावाला तारीख लावतो.

आता सोनं. पिवळं का दिसतं, तर तुम्ही सोन्याला रंग समजताय. घरातली घासलेली समई किंवा दारावरची पितळी पाटी उन्हात धरून नीट बघा. तिच्यात पिवळा रंग फार कमी असतो. गडद तपकिरी असतो, जवळजवळ काळाही असतो, आणि त्याला चिकटूनच एकदम पांढुरका पट्टा असतो. धातू म्हणजे आजूबाजूचं प्रतिबिंब: वर आकाश उजळ, समोर खोली अंधारी, खाली जमीन पुन्हा थोडी उजळ. गडद आणि उजळ यांच्यामध्ये हळुवार उतार जवळजवळ नसतो. तो उतार तुम्ही दिलात की प्लास्टिक दिसतं, आणि नुसता पिवळा दिलात की हळद.

म्हणून ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात जाणारं भरण, पाच थांब्यांचं करा, वरून खाली. लाल, हिरवा, निळा या क्रमाने आकडे देतो. सर्वांत वर मध्यम सोनेरी: २१२, १६५, ५५. सुमारे ३५ टक्क्यांवर उजळ: २५५, २४४, १९०. लगेच ४८ टक्क्यांवर गडद: ११०, ७०, १०. मग ७५ टक्क्यांवर पुन्हा २१२, १६५, ५५ आणि तळाला २४५, २२०, १४०. उजळ आणि गडद थांबे जितके जवळ, तितकी धातूची धार तीव्र. ही समईच्या पोटावर दिसणारी क्षितिजरेषा आहे. एकदा ती डोळ्यांना दिसली की मग सगळ्या तयार ‘गोल्ड स्टाईल’ कशा बनवल्यात ते तुम्हाला उलगडून वाचता येईल.

फोटोशॉपमध्ये हे ग्रेडियंट ओव्हरलेमध्ये टाका. वर बेव्हल अँड एम्बॉस, म्हणजे उठाव, द्या. त्याचं माप ठरवायला अक्षराच्या रेघेची जाडी मोजा. रेघ २४ पिक्सेलची असेल तर उठाव ५ ते ७ पिक्सेल पुरे. तो जाडीच्या निम्म्यावर गेला की दोन्ही बाजूंचे उतार मधोमध भेटून कडा होते, म्हणजे शिलालेखासारखं छिन्नीने कोरलेलं अक्षर. कधी तेच हवं असतं, पण मग ते ठरवून करा. बाहेरून ३ पिक्सेलचा गडद तपकिरी स्ट्रोक आणि एक मऊ सावली द्या. सावली शुद्ध काळी नको, पार्श्वभूमीच्या रंगाचीच गडद छटा घ्या. मरून पार्श्वभूमीवर काळी सावली घाण दिसते, गडद मरून सावली खोल वाटते.

सगळ्या इफेक्टमध्ये ‘यूज ग्लोबल लाइट’ला टिक असू द्या. नवशिक्याच्या कामात मला पहिल्यांदा दिसतं ते हेच: उठावाचा उजेड डावीकडून, सावलीही डावीकडेच, आणि शेजारच्या गुढीच्या फोटोतला उजेड मात्र उजवीकडून. पाट्या रंगवणारे जुने पेंटर अख्ख्या पाटीला एकाच बाजूने शेड द्यायचे, हात दमला तरी बाजू बदलायची नाही. पार्श्वभूमीला फोटो असेल तर आधी त्यातल्या सावल्या कुठे पडल्यात ते बघायचं आणि कोन त्याप्रमाणे ठरवायचा. फोटो नसेल तर १२० अंश, म्हणजे वर डावीकडून.

गिंपमध्ये तयार लेयर स्टाईल नसल्याची तक्रार लोक करतात. तिथे एक जुनी युक्ती आहे, ती कुठल्याही सॉफ्टवेअरात चालते आणि मला ती बेव्हलपेक्षा जास्त आवडते. मजकुराच्या लेयरवर ‘अल्फा टू सिलेक्शन’ करा. हे सिलेक्शन चॅनेलमध्ये सेव्ह करा, पुढे चमकेसाठीही लागेल. नवा लेयर घेऊन त्यात वरचं ग्रेडियंट उलटं भरा. आता सिलेक्शन ४ पिक्सेलने आत ओढा, म्हणजे ‘श्रिंक’. आणखी एक नवा लेयर, त्यात तेच ग्रेडियंट सुलटं भरा. बस. बाहेरची कडा जिथे उजळ, तिथे आतला भाग गडद, आणि याच्या उलट. डोळ्याला तो काठ उचललेला दिसतो. हवं तर मध्ये आणखी एक २ पिक्सेलची श्रिंक करून तिसरा थर द्या, म्हणजे दुहेरी काठ मिळतो. सावलीसाठी ‘लाइट अँड शॅडो’ गटातलं ड्रॉप शॅडो आहेच. गिंप ३.०, जी २०२५ मध्ये आली, तिच्यात हे फिल्टर मूळ लेयरला धक्का न लावता लागतात, नंतर बदलताही येतात. त्याआधीच्या २.१० मध्ये लावलं की लागलं.

आता चमक. फोटोशॉपमधली रीत सोपी. मजकुराच्या वर नवा लेयर. त्यात तिरका पांढरा पट्टा, रुंदी अक्षराच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी, कडांना गॉशियन ब्लर. हा लेयर मजकुराला क्लिप करा, म्हणजे पट्टा अक्षरांपुरताच दिसेल. मजकुराच्या ब्लेंडिंग ऑप्शन्समध्ये ‘ब्लेंड इंटीरियर इफेक्ट्स अॅज ग्रुप’ला टिक करा आणि ‘ब्लेंड क्लिप्ड लेयर्स अॅज ग्रुप’ची टिक काढा, नाहीतर ग्रेडियंट ओव्हरले पट्ट्याला झाकून टाकतं. पट्ट्याच्या लेयरचा ब्लेंडिंग मोड ‘ओव्हरले’ किंवा ‘स्क्रीन’ ठेवा. स्क्रीनमध्ये झळाळी जास्त, ओव्हरलेमध्ये धातू जास्त. मी दोन्ही करून बघतो. टाइमलाइन पॅनेल उघडून ‘क्रिएट फ्रेम अॅनिमेशन’ निवडा. पहिल्या फ्रेममध्ये पट्टा शब्दाच्या डावीकडे पूर्ण बाहेर. दुसरी फ्रेम घेऊन पट्टा उजवीकडे पूर्ण बाहेर. दोन्ही फ्रेम निवडून ‘ट्वीन’ करा, मधल्या १० फ्रेम सॉफ्टवेअर घालून देतं. एवढंच. १९९९ ते २००७ या काळात हे काम फोटोशॉपसोबत येणाऱ्या इमेजरेडी या वेगळ्या सॉफ्टवेअरात जाऊन करावं लागायचं. सीएस३ या आवृत्तीपासून ते फोटोशॉपच्या पोटातच आलं.

गिंपमध्ये फ्रेम म्हणजे लेयर. इथेच तुमचे ‘मागे राहणारे पट्टे’ जन्माला येतात. गिंप प्रत्येक लेयरचं नाव वाचतं. नावात ‘कंबाइन’ हा शब्द कंसात असेल, किंवा काहीच लिहिलं नसेल आणि एक्सपोर्ट करताना तोच पर्याय राहिला असेल, तर प्रत्येक नवी फ्रेम जुन्या फ्रेमच्या अंगावर चढते, जुनी पुसली जात नाही. नुसता पट्टा असलेले दहा लेयर ठेवलेत की दहाही पट्टे एकावर एक साचत जातात. उपाय असा की प्रत्येक फ्रेम पूर्ण हवी: पार्श्वभूमी, अक्षरं आणि त्या क्षणीचा पट्टा, सगळं एकत्र केलेलं. आणि नावाच्या शेवटी कंसात ‘रिप्लेस’ हा शब्द, इंग्रजीतच लिहायचा. त्याच नावात कंसात मिलिसेकंदही देता येतात.

पट्टा अक्षरांपुरताच दिसावा म्हणून लोक लेयर मास्क लावतात, आणि पट्टा सरकवला की मास्कही सोबत सरकतो. फोटोशॉपमध्ये मधली साखळी क्लिक करून तोडता येते. गिंपमध्ये डोकं न लढवता सरळ रस्ता घ्या. पट्ट्याची प्रत करा, हवी तिथे सरकवा, मघाशी चॅनेलमध्ये ठेवलेलं सिलेक्शन परत आणा, उलटं करा आणि डिलीट दाबा. अक्षराबाहेरचा पट्टा गेला. दहा वेळा करायचं आहे, वीस मिनिटांचं काम. सगळ्या फ्रेम झाल्यावर फिल्टर्स मेनूतल्या अॅनिमेशन गटात ‘प्लेबॅक’ आहे, त्यात बघून घ्या. मग त्याच गटातलं ‘ऑप्टिमाइझ फॉर जीआयएफ’ चालवा. ते मागच्या फ्रेममधले न बदललेले भाग काढून फक्त बदललेला तुकडा ठेवतं. म्हणजे आपण आधी पूर्ण फ्रेम बनवल्या, आणि छाटणी यंत्राकडे सोपवली. हे काम हाताने करायला गेलात तर पुन्हा पट्टे साचतील.

वेळेचं गणित. चमक शब्दावरून जायला अर्धा-पाऊण सेकंद पुरतो. १२ फ्रेम, प्रत्येकी ०.०५ सेकंद, म्हणजे ०.६ सेकंद. त्यानंतर शेवटची फ्रेम दोन-अडीच सेकंद थांबवा. सतत चमकणारं अक्षर वाचता येत नाही, आणि शुभेच्छा पाठवायचा हेतू ती वाचली जावी हाच असतो. जीआयएफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, म्हणून ०.०३ किंवा ०.०४ चालतं, मधलं काही नाही. ०.०२ पेक्षा कमी दिलंत तर बहुतेक ब्राउझर ते न जुमानता ०.१० धरतात. ‘अगदी मऊसूत हवं’ म्हणून ०.०१ देणाऱ्याला म्हणूनच उलट अडखळणारं चित्र मिळतं. लुप ‘फॉरेव्हर’ ठेवा. आणि संपूर्ण पडदा उघड-मीट करणारे लखलखाट टाळा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा मोठा भाग लखलखला तर काही माणसांना फेफरं येण्याचा धोका असतो. मंडळाच्या एलईडी पडद्यासाठी करत असाल तर हे विशेष सांभाळा.

पट्टा फिरवण्यापेक्षा मला जास्त आवडणारा एक प्रकार आहे. देवनागरीतच शोभतो, म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

इंग्रजीतली टाइपरायटर पद्धतीची हालचाल, म्हणजे एकेक अक्षर उमटत जाणं, मराठीत तशीच केली की फजिती होते. हा, मग हार्, मग हार्द, मग एकदम वेलांटी उडी मारून द-च्या आधी आणि रफार डोक्यावर. चिन्हागणिक फ्रेम न करता उच्चारागणिक करा: हा, हार्दि, हार्दिक. शु, शुभे, शुभेच्छा. च्छा कधीही तोडायचा नाही. एवढं केलंत तरी चालतं.

पण शाळेत आपण कसं लिहायचो ते आठवा. आधी अक्षरांची अंगं, मग सगळ्या शब्दावरून एक लांब रेघ, मग वरच्या मात्रा, वेलांट्या, रफार. हातालाच ठाऊक असलेली ही हालचाल आहे, ती पडद्यावर आणता येते. मजकुराची रास्टर प्रत घ्या. शिरोरेषेच्या वरच्या आणि खालच्या कडेवर एकेक आडवी गाइड टाका. आता शब्दाचे आडवे तीन तुकडे तीन लेयरवर करा: शिरोरेषेखालचा, शिरोरेषेचा, आणि शिरोरेषेवरचा. खालचा तुकडा डावीकडून उजवीकडे आठ फ्रेममध्ये उघडत न्या. मग शिरोरेषेचा तुकडा पाच फ्रेममध्ये, जरा झपाट्याने, जशी रेघ मारतो तशी. मग वरचा तुकडा, म्हणजे वेलांटीची कमान, रफार, मात्रा, टपटप करत तीन फ्रेममध्ये.

दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली, शिरोरेषेच्या जागी स्वतःचा सरळ आयत काढायचा मोह होतो. ‘शुभेच्छा’मध्ये श आणि भ आहेत. श, भ, थ, ध यांच्या डोक्यावर बऱ्याच फॉन्टमध्ये रेघ सलग नसते, मध्ये तुटते, आणि तिथे अक्षराची गाठ असते. आयत ओढलात तर भ-चा म आणि ध-चा घ होईल. मूळ तुकडाच मास्कने उघडत न्यायचा, म्हणजे तुटलेली जागा तुटलेली राहते. दुसरी ठेच वेलांटीची: तिचा दांडा खालच्या तुकड्यात आणि कमान वरच्या तुकड्यात जाते. काही क्षण ‘हार्दिक’मध्ये दोन काने दिसतात, आणि कमान आल्यावर शब्द एकदम जुळतो. मला तो क्षण फार आवडतो. तुम्हाला नको असेल तर दांडाही वरच्या तुकड्यात टाका.

हे सोनेरी उठावासकट करायचं असेल तर तुकडे करण्याआधी उठाव, ग्रेडियंट सगळं चढवून मगच रास्टर करा. नाहीतर प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र कडा मिळेल आणि शिरोरेषा वेगळी चिकटवल्यासारखी दिसेल.

आता ९ एमबी. जीआयएफ हा प्रकार कॉम्प्युसर्व्हने १९८७ मध्ये काढला, आणि फ्रेममधला वेळ व पारदर्शकता १९८९ च्या सुधारित आवृत्तीत आली. पुन्हापुन्हा फिरत राहण्याची सोय तर नेटस्केप ब्राउझरने नंतर जोडली. इतक्या जुन्या गाडीत तुम्ही फोटो भरताय. एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग. ८०० बाय ८०० च्या एका फ्रेममध्ये ६,४०,००० पिक्सेल. तुमच्या ३० फ्रेम असतील तर १ कोटी ९२ लाख पिक्सेल झाले. तेच ४८० बाय ४८० आणि १४ फ्रेम केलं तर सुमारे ३२ लाख, म्हणजे सहावा हिस्सा, आणि फोनवर फरक कोणाला कळत नाही.

बाकी बचत रंगांतून येते. जीआयएफची दाबणी एकेका ओळीतून डावीकडून उजवीकडे जात सारखे पिक्सेल शोधते. एकाच रंगाची लांब ओळ म्हणजे जवळजवळ फुकट. म्हणून वरून खाली बदलणारं ग्रेडियंट स्वस्त पडतं, आडवं बदलणारं महाग. आणि डिदर, म्हणजे रंग कमी पडले की ठिपक्यांची रांगोळी घालून भास निर्माण करणं, ते सगळ्यांत महाग, कारण त्याने प्रत्येक ओळ तुटते. सोनेरी अक्षरं आणि एकरंगी मरून पार्श्वभूमी असेल तर ६४ रंग पुरतात, कारण सगळं एकाच घराण्यातलं आहे. डिदर शून्यापासून सुरू करा. ग्रेडियंटमध्ये पायऱ्या दिसायला लागल्या तर हळूहळू वाढवा, ४० टक्क्यांपुढे सहसा जावं लागत नाही. फोटोशॉपमध्ये हे सगळं ‘सेव्ह फॉर वेब’च्या खिडकीत आहे, खाली डाव्या कोपऱ्यात आकार लगेच दिसतो. गुढीचा फोटो मागे हवाच असेल तर तो स्थिर ठेवा. मागे फुलं पडताहेत, दिवे लुकलुकताहेत आणि वर अक्षर चमकतंय, असं तिन्ही एकदम केलंत की फाईलही फुगते आणि बघणाऱ्याला कळत नाही नजर कुठे ठेवायची.

पारदर्शक पार्श्वभूमीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येणार. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर आहे किंवा नाही, अर्धा पारदर्शक असा प्रकारच नाही. अक्षराची मऊ कड आणि सावली म्हणून पांढऱ्याशी मिसळून येते, आणि गडद पडद्यावर अक्षरांना पांढरा बुरशीसारखा काठ दिसतो. सेव्ह करताना ‘मॅट’मध्ये ज्या रंगावर चित्र बसणार तो रंग द्या, काठ त्यात विरघळतो. कुठे बसणार ते माहीत नसेल तर पारदर्शक जीआयएफ करू नका. खरी पारदर्शकता हवी तर वेबपी हा चित्रफाईलचा नवा प्रकार वापरा. गिंप एक्सपोर्ट करताना त्यालाही ‘अॅज अॅनिमेशन’ हा पर्याय देतं.

व्हॉट्सअॅपवर जीआयएफ पाठवली की ती आतल्या आत व्हिडिओ होऊन जाते, म्हणजे पारदर्शकता तिथेही उरत नाही. म्हणून शुभेच्छेला पार्श्वभूमी द्याच. स्टिकर करायचा असेल तर माप ठरलेलं आहे: ५१२ बाय ५१२ पिक्सेल, वेबपी, हलता असेल तर ५०० केबीच्या आत आणि दहा सेकंदांच्या आत. इन्स्टाग्राम किंवा स्टेटससाठी सरळ एमपी४ काढा. फोटोशॉपमध्ये ‘रेंडर व्हिडिओ’ आहे. लांबी-रुंदीचे आकडे सम ठेवा, विषम असले की काही वेळा फाईल तयारच होत नाही. एमपी४ला २५६ रंगांचं बंधन नाही, तेव्हा तिथे फोटो, पाकळ्या, काय हवं ते उधळा.

आता तुमच्या पिढीला कदाचित माहीत नसलेली एक गोष्ट, गंमत म्हणून. ऑर्कुट ही सोशल साइट चालू होती तेव्हा, म्हणजे २०१४ मध्ये ती बंद पडण्याच्या बऱ्याच आधी, दिवाळीला तिथलं स्क्रॅपबुक, म्हणजे निरोपांची वही, चमचमत्या अक्षरांनी भरून जायचं. मी हे काम त्यातूनच शिकलो. ती चमचम करायला फक्त तीन फ्रेम लागायच्या. अक्षराच्या आकारात रंग भरायचा, त्यावर ‘अॅड नॉइज’ द्यायचा. त्याच लेयरच्या आणखी दोन प्रती करून त्यांवर नॉइज नव्याने द्यायचा, म्हणजे ठिपके तिन्हींत वेगळ्या जागी पडतात. तीनही फ्रेम ०.१ सेकंदाच्या. ठिपके जागा बदलतात आणि डोळ्याला चकाकी वाटते. आजही ‘शुभ’मधल्या उकाराला किंवा रांगोळीच्या ठिपक्यांना, थोड्याच जागी, हे वापरलं तर गोड दिसतं. अख्ख्या शब्दाला वापरलं की २००८ साल परत येतं.

तुमच्यासाठी थेट माप: ४८० बाय ४८०, बलू फॉन्टचा सर्वांत जाड प्रकार, मरून पार्श्वभूमी १०५, २०, ३०, वर सांगितलेलं पाच थांब्यांचं सोनं, शिरोरेषेची हालचाल १६ फ्रेममध्ये प्रत्येकी ०.०६ सेकंद, शेवटची फ्रेम २.५ सेकंद, ६४ रंग, डिदर २० टक्के. एवढ्या मापात फाईल आटोक्यात बसायला हवी. बसली नाही तर आधी डिदर बघा, मग मागे एखादा फोटो चुकून राहिलाय का ते. आणि पाठवण्याआधी घरातला सर्वांत जुना फोन घ्या, गच्चीवर उन्हात जा, हात लांब करून ‘हार्दिक’ वाचता येतंय का ते बघा. रफार दिसला नाही तर उठाव १ पिक्सेलने कमी करा.